'चार्ज'ला गुजरातीत काय म्हणायचं? आधी ओझं कुणाच्या डोक्यावर आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही मूळचे डहाणूचे, वापीच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात नव्याने लागलात. साहेबांनी इंग्रजी सुरक्षा-पुस्तिका हातात दिली आणि सांगितलं, हिचं मराठी आणि गुजराती करून आणा. सहा वाक्यांत मिळून सात वेळा 'चार्ज' हा शब्द आला आणि तिथे गाडी अडली. शब्दकोश उघडला तर गुजराती प्रतिशब्दांचा ढीग: भार, बोजो, आरोप, तहोमत, हवालो, किंमत, हुमलो. यातला बरोबर कोणता, आणि सगळीकडे नुसतं 'चार्ज' ठेवलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता सासऱ्यांच्या उंबरगावच्या जमिनीच्या उताऱ्यावर कर्ज फिटूनही दिसणारा 'बोजो' हाही चार्जच का, असंही विचारलंय. त्यावर शेवटी येते.

मी बडोद्याची. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि गेली बावीस वर्षं इंग्रजीतून या दोन्ही भाषांत भाषांतर करून पोट भरतेय. कारखान्यांच्या पाट्या, बँकेचे अर्ज, कोर्टाचे कागद, जे येईल ते. आमच्या गावाला या कामाची जुनी सवय आहे. सरकारी कामातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले पर्याय देणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' बडोदा संस्थानाने 1931 सालीच काढला होता. खाली गुजराती शब्द देवनागरीतच लिहिते, म्हणजे तुम्हाला वाचायला सोपं जाईल.

तुम्ही विचारलंत 'कोणता शब्द', पण अडचण शब्दाची नाही. शब्दकोशातले सगळे शब्द बरोबरच आहेत, फक्त ते एकाच रांगेत उभे केल्यामुळे एकमेकांचे पर्याय वाटतात. ते पर्याय नाहीत. 'हवालो' आणि 'तहोमत' यांची अदलाबदल केली तर पाळीचा प्रमुख आरोपी होऊन बसेल.

हे सगळे अर्थ एका शब्दात आले कसे, ते एकदा कळलं की निम्मं काम होतं. लॅटिनमध्ये गाडीला 'कार्रुस' म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता 'चार्ज' झालं. 'कार' आणि 'कार्गो' त्याच घरातले. म्हणजे मुळात अर्थ एकच, ओझं भरणं. भट्टीत कच्चा माल भरला तर तो चार्ज, सुरुंगात दारू भरली तर ती चार्ज, बॅटरीत वीज भरली तरी चार्ज. माणसावर ओझं टाकलं तर ते कामाचं असेल, पैशाचं असेल किंवा दोषाचं. आपल्या भाषांनीही हेच केलंय बघा. 'कार्यभार' आणि 'पदभार' यांत भार उघड दिसतो. 'आरोप' म्हणजे तरी काय? वर चढवणं, लावणं. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. झाड लावतात तसा माणसाला गुन्हा लावतात.

तेव्हा वाक्य समोर आलं की मी शब्दकोश उघडायच्या आधी विचारते: ओझं कसलं, कोण ठेवतंय, कुणावर? याने दहातली आठ वाक्यं सुटतात. उरलेल्या दोनांसाठी माझी एक युक्ती आहे. ओझं उतरवायला काय म्हणाल, ते शोधा. बॅटरीचं ओझं उतरलं तर ती 'उतरली' किंवा डिस्चार्ज झाली. अधिकाऱ्याचं उतरलं तर तो कार्यमुक्त झाला. पैशाचं उतरलं तर ते माफ झाले किंवा परत मिळाले. जमिनीवरचं उतरलं तर 'बोजा कमी झाला'. रिॲक्टरचं, म्हणजे रसायनं मिसळायच्या मोठ्या भांड्याचं, उतरलं तर तो खाली केला. आरोपीचं उतरलं तर तो आरोपमुक्त झाला. गुजराती कोर्टात याला 'बिनतहोमत छोडवुं' असा शब्द आहे. उलटा शब्द सापडला की सुलटा आपोआप समोर येतो. या युक्तीने मी पुष्कळ वेळा वाचले आहे.

आता एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधीच कबूल करते. वाचणार कोण? तुमच्या कारखान्यात वलसाड-पारडीचे गुजराती, तलासरी-डहाणूचे वारली, धोडिया, आणि बहुतेक ओडिशा-बिहारहून आलेलेही असतील. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 108 व्या कलमात कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात असं म्हटलं होतं. 'राज्यभाषेत' असं म्हटलं नव्हतं, 'समजणाऱ्या' असं म्हटलं होतं. तुमच्याकडे कदाचित हिंदीही लागेल. तो निर्णय तुमच्या साहेबांचा. पण गुजराती लिहायचं म्हणजे विद्यापीठातलं गुजराती लिहायचं नाही, एवढं धरून चला.

सोप्यापासून सुरुवात करू. 'फोर्कलिफ्टची बॅटरी ठरलेल्या जागीच चार्ज करा.' इथे 'चार्ज'ला हात लावू नका. गुजराती माणूस मोबाइल 'चार्जिंगमां मूके' आणि आपण 'चार्जिंगला लावतो'. शब्द दोन्हीकडे रुळलेला आहे. 'फोर्कलिफ्टनी बेटरी नक्की करेली जग्याए ज चार्ज करो' असं सरळ लिहा. 'वीजभारित करो' लिहिलंत तर लोक हसतील आणि बॅटरी कुठेही लावतील. जमलं तर ठरलेली जागाच का, हे अर्ध्या ओळीत सांगा: चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं की एक ठिणगी पुरते.

'शिफ्ट इन-चार्जला कळवा.' गुजरातीतही 'शिफ्ट इन्चार्ज' सर्रास चालतं. मराठी-गुजरातीत शिफ्टला शब्द एकच आहे, पाळी. रातपाळी तिकडेही रातपाळीच. 'पाळीना इन्चार्जने जाण करो' हे चांगलं गुजराती आहे. पण याच अर्थाचा अस्सल गुजराती शब्द 'हवालो', आणि तो मराठी माणसाला हमखास खड्ड्यात घालतो, म्हणून इथे जरा थांबते.

गुजराती वर्तमानपत्रात रोज दिसेल, अमुक अधिकाऱ्याला तमुक खात्याचा 'वधारानो हवालो सोंपायो'. म्हणजे आपला 'अतिरिक्त कार्यभार सोपवला'. यात काळंबेरं काही नाही. आपल्याकडे 'हवाला' म्हटलं की एक तर काळ्या पैशाचा व्यवहार आठवतो, नाही तर कुणाच्या तरी बोलण्याचा दाखला देणं. 'पोलिसांच्या हवाली केलं' यात मात्र जुना अर्थ, ताब्यात देणं, अजून शिल्लक आहे, आणि गुजराती 'हवालो' त्याच्या जवळचा. आणखी गंमत म्हणजे गुजराती हिशेबनिसाच्या तोंडी 'हवाला' म्हणजे वर्षअखेरीच्या समायोजनाच्या नोंदी. कॉमर्सच्या पोरांच्या पुस्तकात हाच शब्द असतो. माझ्या एका पुणेकर सहकाऱ्याने पहिल्या महिन्यात 'हवाला नोंध' हे शब्द वाचून मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे लोक वहीत उघडपणे कसं काय लिहितात? तेव्हा गुजरातीत लिहिताना 'हवालो' बिनधास्त वापरा, पण त्याचा मराठी तर्जुमा करताना 'हवाला' लिहू नका. 'कार्यभार', 'ताबा', 'जबाबदारी' यांतलं जे बसेल ते.

पाळी बदलताना 'चार्ज दिला-घेतला' असं दोन्ही भाषांत बोलतात. त्याच्याच शेजारी 'किती चार्ज घेता?' हेही आहे. 'चार्ज लीधो' म्हणजे खुर्ची घेतली की पैसे घेतले, हे शब्दावरून कळत नाही, माणसावरून कळतं.

आता 'पीपीईसाठी चार्ज नाही' हे वाक्य. पीपीई म्हणजे हातमोज्यांसारखी अंगावर घालायची सुरक्षा साधनं. तुम्ही म्हणालात, हे सर्वांत सोपं. माझ्या मते हे सर्वांत फसवं. माझ्या हातून इथेच चूक झाली आहे, ती सांगते.

बरीच वर्षं झाली, दक्षिण गुजरातेतल्याच एका कारखान्याच्या पाट्या मी केल्या होत्या. त्यात हातमोजांची एक पाटी होती. हातमोजे फाटले किंवा हरवले तर स्टोअरमधून नवे घ्या, चार्ज पडणार नाही, अशा अर्थाची. मी गुजरातीत लिहिलं: 'हाथमोजां खोवाय के फाटे तो स्टोरमांथी नवां लेवां. चार्ज लागशे नहीं.' 'चार्ज' सगळ्यांना कळतो, मग कशाला नवा शब्द शोधा, असा माझा हिशेब. पाट्या लागल्यावर मी एकदा तिथे फेरी मारली, तर ड्रम धुण्याच्या जागी एक वयस्क कामगार अंगठ्याला भोक पडलेले हातमोजे घालून काम करत होता. मी पाटी दाखवून विचारलं, काका, नवे का घेत नाही? ते म्हणाले, 'एटले चार्जशीट नहीं मळे, पण पैसा तो कपाशे ने, बेन?'

त्यांच्या कारखान्यातल्या वीस वर्षांत 'चार्ज लागणं' म्हणजे चार्जशीट मिळणं. पाटीचा अर्थ त्यांनी स्वतःच्या अनुभवाने लावला: कारवाई होणार नाही, पण पगार कापला जाईल. म्हणून फाटके हातमोजे घालून हात ॲसिडने भाजून घेणं त्यांना स्वस्त पडत होतं. मी व्याकरणात चुकले नव्हते, शब्द सगळ्यांना 'कळत' होता, आणि तरी पाटीने नेमकं उलटं काम केलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात ती ओळ बदलून घेतली: 'नवां मफत मळशे. पगारमांथी कंई कपाशे नहीं.' मराठीतही हेच करा: 'नवे फुकट मिळतील. पगारातून काही कापलं जाणार नाही.' 'विनामूल्य', 'निःशुल्क' हे शब्द शुद्ध आहेत, पण ज्याच्या मनात भीती पगाराची आहे त्याला 'पगार' हा शब्द दिसला पाहिजे.

हे वाक्य कंपनीच्या दयेचंही नाही, तेही मनात असू द्या. अशा सोयी आणि साधनांसाठी कामगाराकडून फी किंवा चार्ज घ्यायचा नाही, ही भाषा त्याच 1948 च्या अधिनियमाच्या 114 व्या कलमातून आलेली आहे. त्यामुळे भाषांतरात 'शक्यतो' किंवा 'सहसा' असले शब्द स्वतःच्या पदरचे घालू नका.

पैशाच्या अर्थाबद्दल अजून दोन गोष्टी. गुजराती दुकानदाराला 'तमारो चार्ज शुं छे' असं विचारण्यापेक्षा लोक 'केटला लेशो?' विचारतात, जसं आपण 'किती घ्याल?' विचारतो. इंग्रजीत नाम आहे म्हणून आपल्याकडे नाम हवंच असं नाही. दुसरी, 'खात्यावर चार्ज करा' असं आलं तर गुजरातीत 'खाते उधारो' होतं, आणि मराठी माणूस पुन्हा फसतो. गुजरातीत जमा-उधार म्हणजे आपलं जमा-नावे. 'तमारा खाते उधार्या' म्हणजे तुमच्या नावे टाकले. ते पैसे कुणी उसने दिले किंवा घेतले, असा त्याचा अर्थ नाही.

वीजबिलाचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते चांगलं आहे, पण त्याची नक्कल करू नका. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असतं, आणि 'वीज शुल्क' वेगळं. ही वाटणी नीट केलेली आहे: आकार वीज देणाऱ्याचा, शुल्क सरकारचं. पण गुजरातेत बिलावर सरळ 'फिक्स चार्ज', 'एनर्जी चार्ज' असतं. गुजराती माणसाला 'आकार' म्हणजे घाट, नाही तर जमिनीचा सारा. तुम्ही त्याला 'स्थिर आकार' म्हणालात तर तो चौकोन की गोल असं विचारेल.

'चार्जशीट देण्यात येईल' या वाक्यात आधी हे बघा की कोण देतंय. तुमच्या पुस्तिकेत पोलीस नाहीत, कंपनी आहे. शिस्तभंगाबद्दल कंपनी जे लेखी देते ते मराठीत 'दोषारोपपत्र' किंवा 'आरोपपत्र', गुजरातीत 'आरोपनामुं' किंवा 'तहोमतनामुं'. गुजरात सरकारच्या खातेनिहाय चौकशीत, म्हणजे 'खाताकीय तपास'मध्ये, 'तहोमतनामुं' हाच शब्द चालतो. पोलीस तपास संपवून कोर्टात जे दाखल करतात तीही चार्जशीट. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 173 वं कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 193 वं. आणि त्यानंतर न्यायाधीश जो 'चार्ज' ठेवतात, म्हणजे आरोप निश्चित करतात, तो तिसराच. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली म्हणजे कोर्टाने चार्ज ठेवला असं होत नाही. बातम्यांत हे दोन्ही सर्रास 'आरोपपत्र' म्हणून छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं एकच गोष्ट दोनदा झाली.

'तहोमत' शब्दाबद्दल सावध करते. आपल्या जुन्या मराठीत 'तोहमत' म्हणजे आळ, बहुधा खोटा. हिंदीत तर तो खोटाच असतो. गुजरातीत तो कायद्याचा साधा, तटस्थ शब्द आहे. त्यात खरं-खोटं काही गृहीत नाही. 'तहोमतदार' म्हणजे आरोपी, आळ आलेला बिचारा नव्हे. तुमच्या पुस्तिकेसाठी माझं मत विचाराल तर 'आरोपनामुं' घ्या. आरोप दोन्ही भाषांत सारखाच कळतो, आणि तुमच्याकडच्या हिंदी वाचणाऱ्यांचाही गोंधळ होणार नाही. कंसात किंवा शेजारी 'चार्जशीट' ठेवलंत तरी हरकत नाही, कारण तोंडी सगळे तेच म्हणतात. आणि त्याच्या आधीची पायरी 'कारणदर्शक नोटीस' असेल तर तिला दोन्ही भाषांत नाव एकच आहे, काळजी मिटली.

उरली ती दोन वाक्यं, ज्यांत जीव अडकलेला आहे.

'आधी पाणी चार्ज करा, मग ॲसिड.' तुम्हाला ऑनलाइन भाषांतराने 'रिएक्टरने पाणीथी चार्ज करो' दिलं आणि ते बरं वाटलं म्हणून तुम्ही ठेवलंत. ते चूक म्हणता येणार नाही. रासायनिक कारखान्यातला जुना ऑपरेटर 'मटीरियल चार्ज कर्युं?' असंच विचारतो, आणि त्याच्या बॅचशीटवर, म्हणजे कोणता माल कधी टाकायचा त्या कागदावर, तुम्ही 'चार्ज' ठेवलात तर उलट चांगलं. तिथे भलता शब्द घालून त्याचं लक्ष विचलित करू नका. पण पाटी त्याच्यासाठी नाही. पाटी परवा कंत्राटदारामार्फत आलेल्या पोरासाठी आहे, ज्याला चार्ज म्हणजे फोन एवढंच माहीत आहे. त्याच्यासाठी क्रियापद असं हवं की ऐकताक्षणी हात हलला पाहिजे: 'पहेलां पाणी भरो. पछी एसिड धीमे धीमे नाखो. एसिडमां पाणी क्यारेय न नाखवुं.' मराठीत 'आधी पाणी भरा. मग ॲसिड हळूहळू टाका. ॲसिडमध्ये पाणी कधीही टाकू नका.' इंग्रजीत क्रियापद एकदाच आहे, मी ते दोन केले: पाण्याला 'भरो', ॲसिडला 'नाखो'. मुद्दामच. ॲसिडलाही 'भरो' म्हटलं की माणूस नळी सोडून मोकळा होतो. आणि तिसरं वाक्य इंग्रजीत नाहीच, ते मी घातलं. साहेबांना विचारून तुम्हीही घाला. सल्फ्युरिक ॲसिडात वरून पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की ते उकळून अंगावर उडतं. अशा ठिकाणी मूळ इंग्रजीला शब्दशः चिकटून राहणं मला पटत नाही.

दुसरं वाक्य: 'सॉल्व्हंट चार्ज करण्यापूर्वी ड्रम अर्थ करा, म्हणजे चार्ज साठणार नाही.' सॉल्व्हंट म्हणजे द्रावक, आणि ड्रम अर्थ करणं म्हणजे तो तारेने जमिनीशी जोडणं. एकाच वाक्यात दोन चार्ज, पहिला टाकण्याचा, दुसरा विजेचा. दोन्हीकडे 'चार्ज' ठेवलंत तर वाक्य कोडं होतं. दुसऱ्यासाठी गुजराती पाठ्यपुस्तकातला शब्द 'विद्युतभार', आपल्या बालभारतीत 'विद्युतप्रभार'. बारावीच्या पोराला लिहायचं असतं तर मी तोच दिला असता. इथे तो काढूनच टाका. कामगाराला भार साठतो हे कळून उपयोग नाही, भार साठल्याने काय होतं ते कळलं पाहिजे. 'सॉल्वन्ट नाखतां पहेलां ड्रमने अर्थिंगनी क्लिप लगावो. नहीं लगावो तो तणखो थई शके अने आग लागी शके.' तणखो म्हणजे ठिणगी. मराठीत 'सॉल्व्हंट टाकण्याआधी ड्रमला अर्थिंगची क्लिप लावा. नाही लावली तर ठिणगी पडून आग लागू शकते.' 'भूसंपर्कन' वगैरे नको, अर्थिंग हा शब्द घरातल्या वायरमनने कधीच मराठी-गुजराती करून टाकला आहे. क्लिपचं छोटं चित्र शेजारी असेल तर आणखी उत्तम, कारण टोल्युईनसारखं सॉल्व्हंट ओतताना ठिणगी पडते ही गोष्ट बऱ्याच जणांना खोटी वाटते. वीज तर कुठे नाहीच, मग ठिणगी कुठून, असं ते विचारतात. वीज ओतण्याच्या घर्षणाने तयार होते, हे तोंडी समजावून सांगावं लागेल. ते काम पाटीचं नाही, तुमचं.

म्हणजे तुमच्या सात 'चार्ज'पैकी बॅटरीचा तसाच राहिला. इन्चार्ज आणि चार्जशीट बोलण्यात आहेत तसे ठेवून शेजारी देशी शब्द आला. बाकी चार मी चक्क काढून टाकले आणि त्यांच्या जागी भरणं, टाकणं, कापणं, ठिणगी पडणं अशी साधी मराठी-गुजराती बोलणी आली. 'हुमलो', 'चढाई', 'धसी जवुं' हे हल्ल्याचे अर्थ तुमच्या पुस्तिकेत नाहीत, म्हणून त्यांत शिरत नाही. छापायला देण्याआधी कच्ची प्रत गेटवर नेऊन दोघांना वाचायला द्या, आणि 'समजलं का' असं विचारू नका. 'आता काय कराल' असं विचारा. समजलं का म्हटल्यावर सगळे हो म्हणतात, ते काकाही म्हणाले असते.

आता सासऱ्यांचा उतारा. होय, 'बोजो' हाही चार्जच. जमीन तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतलं की बँकेचा हक्क जमिनीवर चढतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात 100 व्या कलमाखालचा 'चार्ज' गहाणाहून वेगळा धरला आहे, पण गावपातळीवर दोन्हींना आपल्याकडे 'बोजा' आणि तिकडे 'बोजो' म्हणतात. दोन्ही राज्यांची सात-बाराची पद्धत एकसारखी दिसते याचं नवल नको. 1 मे 1960 पर्यंत राज्य एकच होतं, आणि उंबरगाव तालुक्यातली गावं तर ठाणे जिल्ह्यातूनच गुजरातेत गेली. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांचे जुने कागद मराठीत निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. कर्ज फिटलंय म्हणता, तरी उताऱ्यावर बोजो दिसतोय, कारण तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या आणि तो जोडून मामलतदार कचेरीतल्या ई-धरा केंद्रात, म्हणजे जमिनीच्या नोंदी संगणकावर करतात तिथे, 'बोजा मुक्ति'ची नोंद करायला अर्ज द्या. नोंद पडून मंजूर झाली की नवा उतारा काढून बघा. आणि अर्जात 'चार्ज काढून टाका' असं लिहू नका, 'बोजो कमी करवा बाबत' असंच लिहा. टेबलापलीकडच्या माणसाला तोच शब्द ओळखीचा आहे.